गंजलेला बोल्ट सोडविताना

घरात नळाचे पाणी आले तेव्हापासून गळती ही घरातील एक कायमची पाहुणी होऊन बसली आहे. प्रथम ती थेंबाथेंबाने येते. गृहिणी खाली एखादा डबा ठेवते; डबा भरू लागला म्हणजे बादली येते; आणि बादलीही पुरेनाशी झाली म्हणजे घरातील कर्त्या पुरुषाला, अथवा तो परदेशी असेल तर त्याच्या मुलाला, हाती पाना घ्यावा लागतो. कारण शोधू जावे तर ते अगदी क्षुल्लक निघते. रबराची एक चकती वाळून चिरलेली असते, एवढेच. चकती थोडक्या पैशांत मिळते. परंतु त्या चकतीपर्यंत जाण्याच्या वाटेवर दोन बोल्ट उभे असतात आणि ते गंजलेले असतात. नवी चकती बसविणे हे पाच मिनिटांचे काम. जुना बोल्ट सोडविणे हे कधी एका रात्रीचे, तर कधी दोन दिवसांचे. ते पाच मिनिटांत उरकू पाहणाऱ्यावर चकतीऐवजी सारे भांडेच बदलण्याची पाळी येते.

उदाहरणादाखल आम्ही कमोडच्या मागे बसविलेली फ्लशची टाकी घेतो. विषय दिवाणखान्यात बोलण्याजोगा नव्हे हे आम्हांस मान्य आहे. पण घरात एखादे वृद्ध माणूस असेल तर या टाकीच्या गळतीइतका निकडीचा विषय दुसरा नसतो, हेही तितकेच खरे. ही टाकी भांड्याच्या मागील कठड्यावर टेकलेली असते आणि दोन किंवा तीन बोल्ट तिला भांड्याशी जखडून ठेवतात. बोल्टचे डोके टाकीच्या आत, अष्टौप्रहर पाण्यात. खालचा नट बाहेर, ओलसर अंधारात. हे बोल्ट वस्तुतः पितळेचे असावयास हवेत. परंतु घर बांधताना हजारो रुपयांच्या फरश्या निवडणारा मनुष्य बोल्टच्या वेळी मात्र हात आखडतो, आणि जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी बोल्ट तेथे जाऊन बसतात. जस्त काही वर्षे आपले काम इमानाने करते; ते संपले की लोखंड उघडे पडते.

लोखंडाला गंज चढला म्हणजे ते झिजते, एवढेच आपण सामान्यतः समजतो. ही अर्धीच हकीकत झाली. पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्याशी संयोग होऊन लोखंडाचा जो गंज बनतो, तो मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा व्यापतो. निदान दुप्पट, आणि पाणी शोषून फुगला तर सहापटीपर्यंतही. उघड्या पत्र्यावर हा गंज पोपडा धरून गळून पडतो. परंतु नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये त्याला गळून पडावयास वाट कोठे आहे? आट्यांमधील फट केसाएवढी. तीत फुगलेला गंज ठासून बसतो आणि पाचर मारावी तसा दोन्ही धातूंना आवळून धरतो. म्हणजे झिजल्यामुळे बोल्ट दुर्बळ झालेला, आणि फुगल्यामुळे त्याची पकड मात्र घट्ट झालेली. सोडविणाराच्या सगळ्या अडचणींचे मूळ या दुहेरी अवस्थेत आहे. जोर लावावा तर बोल्ट तुटतो, न लावावा तर हलत नाही.

गोमंतकाच्या किनारपट्टीवर, पेडण्यापासून काणकोणापर्यंत, या कामी समुद्राची खारी हवाही हातभार लावते. मीठ ओल धरून ठेवते आणि लोखंडावरील संरक्षक थर टिकू देत नाही. त्यात मुले आखातात किंवा विलायतेत, आणि घर वर्षाचे अकरा महिने कुलपात, अशी स्थिती आज कित्येक वाड्यांत दिसते. वापरात असलेला बोल्ट निदान कधीतरी पुसला जातो. बंद घरातला बोल्ट चार पावसाळे एकटाच भोगतो. मे महिन्यात दार उघडून घरमालक आत येतो तेव्हा सुटी पंधरा दिवसांची असते आणि बोल्टचा गंज मात्र पंधरा वर्षांचा.

सगळेच अडलेले बोल्ट गंजानेच अडलेले असतात असे नाही, आणि येथे डोळे उघडे ठेवणे आवश्यक आहे. तांबूस पापुद्रा दिसला तर तो गंज. पांढरा, खडूसारखा कठीण थर दिसला तर तो क्षार होय. पठारावरील बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरांत तोच अधिक आढळतो. हिरवट डाग पितळ-तांब्याचा. क्षारावर तेल ओतण्यात काही अर्थ नाही, कारण तेल त्याला विरघळवीत नाही. तेथे आम्ल पाहिजे. स्वयंपाकघरातील व्हिनेगरमध्ये भिजविलेली चिंधी नटाभोवती रात्रभर गुंडाळून ठेवली तर पांढरा थर मऊ पडतो. कित्येक जण याच कामासाठी संडास धुण्याचे जहाल ॲसिड ओततात. ते क्षार खाते, पण जस्ताचा मुलामाही खाते आणि लोखंडही. याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्या भांड्यात ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम द्रव टाकला असेल तेथे कोणतेही आम्ल, साधे व्हिनेगरसुद्धा, मिसळू देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि कोंडलेल्या लहानशा खोलीत तो फुप्फुसांना घातक ठरतो. भांडे आधी भरपूर पाण्याने धुऊन घ्यावे, खिडकी उघडी ठेवावी, आणि मुलांना त्या बाजूस फिरकू देऊ नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पाना हाती घेण्यापूर्वी मनाशी एक प्रश्न विचारावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे: या जागी कोणती वस्तू मोडली तर चालेल, आणि कोणती मोडून चालणार नाही? फ्लशच्या टाकीपाशी उत्तर स्पष्ट आहे. बोल्ट मोडला तरी चालेल. चिनी मातीचे भांडे मोडता कामा नये. भिंतीतून बाहेर आलेल्या नळाच्या बाबतीत नळ मोडला तर चालेल. भिंतीतील पाइप मोडता कामा नये, कारण तो मोडला म्हणजे फरशा फोडाव्या लागतात. आम्ही पाहिलेल्या बहुतेक दुर्घटना या एकाच गोष्टीच्या विस्मरणातून घडल्या आहेत. मनुष्याचा हट्ट बोल्टशी जडतो. इतका वेळ घालविला, आता याला सोडवणारच, अशी ईर्षा चढते. आणि चार पैशांचा बोल्ट वाचविण्याच्या नादात चार हजारांचे भांडे जाते.

आमच्या परिचयाच्या एका घरी मुलीचे लग्न होते. रोसाच्या आदल्या दिवशी टाकी गळू लागली. मुंबईचे आणि बेळगावचे पाहुणे घरात उतरलेले. ऐंशीच्या घरातील आजीला गुडघ्यांमुळे खाली बसण्याचा संडास चालत नसे, तिच्यासाठीच हे भांडे पूर्वी बसविलेले. धाकटे काका पाना घेऊन आत शिरले. आजीचे यजमान जहाजाच्या इंजिनखान्यात आयुष्यभर काम केलेले. त्यामुळे या गोष्टी तिला ऐकून ठाऊक होत्या. ती दाराशी येऊन म्हणाली, "राहू दे रे बाळा, आजची रात्र तेल मुरू दे." काकांना रात्र परवडणारी नव्हती. त्यांनी वीतभर लांबीच्या पान्याला मीटरभर लांबीची नळी अडकवली. आता, वीस सेंटिमीटरच्या पान्यावर जो जोर लागतो त्याच्या पाचपट मीटरभर लांबीवर लागतो, हा साधा तरफेचा हिशेब आहे. बोल्ट सुटला नाही. भांड्याच्या कठड्याला मात्र टोकापासून टोकापर्यंत तडा गेला. लग्नाचे तीन दिवस आजीला दोन्ही बाजूंनी धरून शेजारच्या घरी न्यावे लागत होते, आणि काका त्या वाटेवर कोणाच्या नजरेस नजर देत नव्हते. आजी मात्र त्याविषयी पुढे एक शब्दही बोलली नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, पाणी बंद करणे. टाकीकडे येणारी चावी बंद करावी. ती स्वतःच गंजून बसली असेल तर तिच्याशी झटापट न करता गच्चीवरील टाकीखालची मुख्य चावी बंद करावी. टाकीतील उरलेले पाणी स्पंजाने टिपून घ्यावे. जुनी चावी बळाने फिरविली की तिचा दांडा मुळाशी तुटतो, आणि मग एका गळतीच्या दोन होतात.

दुसरी गोष्ट, साफसफाई. नटाच्या खाली बाहेर आलेले बोल्टचे जे टोक असते त्यावरील आटे गंजाने भरलेले असतात. नट सुटताना त्याला याच आट्यांवरून जावयाचे आहे. ते तारेच्या ब्रशाने स्वच्छ केल्याखेरीज तेल घालण्याची घाई करू नये. पोपडे काढले नाहीत तर तेल त्यांच्यातच जिरते.

तिसरी गोष्ट, तेल. आपल्याकडे हाताशी असते खोबरेल, आणि पुष्कळ जण तेच घालतात. ते या कामाचे नव्हे. केसाएवढ्या फटीत शिरण्यास ते जाड पडते, आणि सुमारे २४ अंशांखाली तर गोठूनच जाते. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात ते बाटलीतून बाहेर येईल तर शपथ. पातळ तेल हवे. जुने मेस्त्री रॉकेलात थोडे इंजिनचे तेल मिसळीत असत. रॉकेल तेलाला आत घेऊन जाते आणि स्वतः उडून जाते, मागे वंगण उरते. रॉकेल आता पूर्वीसारखे घरोघरी राहिलेले नाही. बाजारात याच कामासाठी तयार केलेली भेदक तेले डब्यांतून मिळतात, ती घ्यावीत. 'डब्ल्यूडी-४०' नावाचा फवाऱ्याचा डबा सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याची जन्मकथा मोठी मौजेची. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथील एका छोट्या कंपनीने ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून पाणी हटविणारे द्रव्य तयार करण्याचा उद्योग आरंभिला. चाळिसाव्या प्रयत्नात ते साधले, म्हणून नावात ४०. यावरून हेही ध्यानात येईल की त्याचे मूळ काम पाणी दूर ठेवण्याचे आहे. हलक्या गंजावर ते चालते. पंधरा वर्षांच्या गंजावर खास भेदक तेल अधिक बरे.

कोणतेही तेल असो, त्याला वेळ द्यावा लागतो. एकदा फवारून लगेच पाना लावणे म्हणजे डाळ भिजत घालून लगेच वाटावयास बसणे होय. संध्याकाळी घालावे, निजण्यापूर्वी पुन्हा घालावे, सकाळी तिसऱ्यांदा. खालच्या बाजूच्या नटावर तेल ठरत नाही, ओघळून जाते. तेथे तेलात भिजविलेली चिंधी गुंडाळून दोऱ्याने बांधावी. वरून दिसणारा नट असेल, विहिरीवरील पंपाच्या फ्लँजचा वगैरे, तर त्याच्याभोवती कणकेचे लहानसे आळे करावे, माडाला करतात तसे, आणि त्यात तेल भरून ठेवावे. मधूनमधून लहान हातोडीने नटाच्या कडेवर टिचक्या माराव्यात, म्हणजे गंजाला बारीक तडे जाऊन तेल आत उतरते. हे ठोकणे लोखंडी पंपावर चालेल. चिनी मातीच्या भांड्यापाशी हातोडी नेऊच नये.

सकाळी पाना. नट ज्या बाजूने समोर दिसतो त्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने तो सुटतो, हे सर्वांस ठाऊक असते. पण टाकीखाली उताणे पडून, मान वाकडी करून, हाताने चाचपत काम करणाऱ्या मनुष्याला उलट कोणते आणि सुलट कोणते याचा हमखास भ्रम होतो. म्हणून कामापूर्वीच नटाच्या चेहऱ्यासमोर आरसा धरून पाहावे आणि शेजारच्या भिंतीवर खडूने बाण काढून ठेवावा. नट आणि बोल्ट यांच्यावरून एक खडूची रेघही ओढावी. नट केसभर हलला तरी रेघ मोडते आणि आपल्या कष्टांना यश येत असल्याची खूण पटते. नटाबरोबर बोल्टही गरगर फिरत असेल तर टाकीच्या आत बोल्टच्या डोक्यावरील खाचेत मोठा पेचकस घट्ट धरून ठेवण्यास दुसरे माणूस लागते. घरातील दहा-बारा वर्षांच्या मुला-मुलींना हे काम अवश्य द्यावे. ती ते मन लावून करतात.

पाना नटाच्या मापाचाच हवा, आणि शक्य तर सहाही बाजूंनी धरणारा रिंगचा. येथे जुन्या घरांत एक खोच असते. १८४१ साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने आट्यांची मापे प्रथम निश्चित केली आणि ती इंचांत होती. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे आली, तरी आपल्या घरातील पाण्याच्या पाइपांचे आटे अद्याप त्याच व्हिटवर्थच्या ५५ अंशांच्या घराण्यातील आहेत. नवे बोल्ट मात्र बहुधा मेट्रिक, ६० अंशांचे. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पंपावर अर्ध्या इंचाचा नट निघाला तर तो १२.७ मिलिमीटरचा असतो. त्याला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण मधली तीन दशांशांची सैल जागा गंजाने आधीच झिजलेले कोपरे गोल करण्यास पुरेशी असते. एकदा कोपरे गेले की पान्याला धरावयास काही उरत नाही.

पहिला जोर सोडविण्याच्या दिशेने न लावता किंचित आवळण्याच्या दिशेने लावावा. हे विपरीत वाटते खरे, परंतु गंजाची पकड मोडणे हा पहिला हेतू असतो आणि ती कोणत्याही दिशेने मोडली तरी चालते. मग अर्धा आटा सोडवावा, पाव आटा परत न्यावा, तेलाचा थेंब द्यावा, पुन्हा सोडवावा. किरर्र असा कोरडा आवाज येऊ लागला की थांबावे. भिंतीतील पाइपावरचा नळ काढताना दोन पाने लागतात. एकाने पाइप उलट दिशेस धरून ठेवावयाचा आणि दुसऱ्याने नळ फिरवावयाचा. एकाच पान्याने फिरविल्यास सगळा पीळ भिंतीच्या आतील सांध्यावर जातो, आणि तेथील आटे बहुधा कागदासारखे झालेले असतात.

उष्णतेचा उपाय मेस्त्री लोक करतात. बारा मिलिमीटरचा लोखंडी नट दोनशे अंशांनी तापविला तर त्याचे भोक सुमारे तीन शतांश मिलिमीटरने वाढते, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही कमी. पण गंजाला तडा जाण्यास तेवढे पुरते. तथापि घरगुती माणसाने या वाटेस जाऊ नये. तापल्याने चिनी माती तडकते, रबर व प्लास्टिक जळते, तेल पेटते, आणि जस्ताचा धूर घेतल्याने ताप भरतो.

मग इतके करूनही बोल्ट हलला नाही तर? तर कापावा. यात कमीपणा मुळीच नाही. किंबहुना टाकीच्या बोल्टपुरते बोलावयाचे तर, दुसऱ्या सकाळी तो वळला नाही की करवत काढावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. टाकीचा तळ आणि भांड्याचा कठडा यांच्यामध्ये थोडी फट असते. लोखंड कापण्याच्या करवतीचे नुसते पाते काढून घ्यावे, त्याच्या एका टोकाला धरण्यापुरती जाड चिंधी गुंडाळावी, चिनी मातीवर वर-खाली पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवावेत, आणि त्या फटीतून बोल्ट हळूहळू कापावा. पात्याला तेल लावावे, घाईने ओढू नये. पितळ पाच मिनिटांत कापले जाते, लोखंडाला वीस लागतील. शेवटच्या दोन घासांच्या वेळी टाकीला कोणीतरी धरून ठेवलेले असावे. काकांनी त्या दिवशी हे केले असते तर रोसाचे नारळ खवले जाण्यापूर्वीच ते हात धुऊन बाहेर आले असते.

विहिरीवरील पंपाविषयी दोन शब्द. प्रथम वीज बंद करावी, नुसत्या बटणाने नव्हे, फ्यूज काढून. फ्लँजचे चार बोल्ट एकामागून एक पूर्ण न सोडविता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करावेत, नाहीतर शेवटच्या बोल्टवर सगळा भार तिरपा येऊन तो अडकतो. आणि विहिरीच्या तोंडावर काम असेल तर पान्याला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक मनगटाला बांधावे.

नवे बोल्ट घेताना पितळेचे घ्यावेत. न गंजणाऱ्या स्टीलचे बोल्ट चांगले. मात्र स्टीलच्या बोल्टवर स्टीलचाच नट कोरडा चढविला तर कधी कधी दोन्ही गंजाशिवायच एकमेकांत रुतून बसतात, म्हणून त्यांना ग्रीस अवश्य लावावे. जुन्या बोल्टचा तुकडा नमुना म्हणून दुकानात न्यावा. चकत्याही सगळ्या नव्याच घालाव्यात. बसविताना दोन्ही बाजू आळीपाळीने, हाताने जेवढ्या आवळतील तेवढ्या आवळून, वर पान्याने अर्धा फेरा. त्याहून अधिक नाही. मग टाकी भरू द्यावी, खालची लादी पुसून कोरडी करावी, आणि प्रत्येक बोल्टखाली वर्तमानपत्राची एक पट्टी ठेवून निजावे. सकाळी पट्टीवर ओला डाग दिसला तर त्या बाजूचा नट आणखी पाव फेरा.